पाहिलेलं पेनानं, ऐकलेलं पेन्सिलनं

“माहीत न्हाई ना? मंग मोकळं सोडा.”

असं म्हणताना मिस्तरी कानावरची पेन्सिल काढायचे, वहीतल्या रकान्यावर क्षणभर धरायचे आणि काही न लिहिता पुन्हा कानावर ठेवून द्यायचे. आपल्याकडे माहीत नसलेल्या गोष्टीवर लोक अर्धा अर्धा तास बोलतात. तुम्ही पाहिलेच असतील, मीही त्यातलाच एक. त्यामुळे न लिहिण्यासाठी एवढ्या निगुतीनं पेन्सिल काढणारा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं वीसेक वर्षं मी या माणसावर जळत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणी भला माणूस आहे असा तुमचा समज व्हायला नको.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जालन्यात एका शेटजींनी व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. शेटजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, तीन पिढ्या जालन्यात बियाण्यांच्या व्यापारात. त्यांनी गोदामाशेजारचा एक गाळा रिकामा करून त्यात सात-आठ मशीनं मांडली. प्लायवूडचे उंच डबे, आत टीव्ही, समोर एक दांडा आणि दोन-तीन बटणं. नाणं टाकलं की पडद्यावर विमानं उडायची, राक्षस पडायचे. मशीनं दुरुस्त करायला शेटजींनी भोकरदन तालुक्यातून रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस धरून आणला. पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका वाडीतला, शेतकरी घरातला. तेच हे मिस्तरी. शेटजींपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्यांना मिस्तरीच म्हणायचे, तेव्हा मीही इथं तेवढंच म्हणतो.

मी त्या वेळी शाळेत नवाच लागलेलो इंग्रजीचा मास्तर. वय चोवीस. मास्तरानं गेम खेळायला जावं हे शोभत नव्हतं, म्हणून मी रविवारी दुपारी, गल्लीत सामसूम असताना जायचो. तरी माझ्याच वर्गातली चार-सहा पोरं आधीच तिथं हजर असायची. ती माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे न पाहिल्यासारखं करायचो. दोन महिन्यांत एवढी सवय झाली की मी खेळायला लागलो की पोरं मागं उभी राहून “सर, डावीकडं, डावीकडं!” असं सांगायला लागली. वर्गात कधी एवढं लक्ष त्यांनी दिलं नव्हतं.

माझा गेम एकच. त्याचं इंग्रजी नाव बरंच लांबलचक होतं, पण अख्ख्या जालन्यात त्याला ‘पाणबुडी’ म्हणायचे. समुद्राखालून पाणबुडी न्यायची, वरून जहाजं पाणसुरुंग टाकणार, ते चुकवायचे. या गेममध्ये माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी हे नम्रपणे सांगत नाही, कारण ते खरं होतं.

आणि तिथंच मिस्तरींशी माझं पहिल्यांदा बिनसलं. एका रविवारी माझा स्कोर सहा आकड्यांवर गेला. पोरं ओरडायला लागली. पडद्यावर पहिल्या नंबरावर माझ्या नावाची तीन अक्षरं आली, आणि पाचव्या मिनिटाला लाइट गेली. परत आली तेव्हा मशीन कोरं. तीन अक्षरंही गेली आणि स्कोरही गेला. मिस्तरी मागच्या बाजूला दुसरं मशीन उघडून सोल्डरिंग करत बसले होते. त्यांच्याकडे प्रत्येक गेमची नोंद असते हे मला माहीत होतं. मी घाम पुसत त्यांच्याकडे गेलो.

“मिस्तरी, वहीत लिहून ठेवा. पाणबुडीचा सगळ्यात मोठा स्कोर, माझा.” सहाही आकडे मी एकेक करून सांगितले.

“कवा झाला सर?”

“आत्ता. लाइट जायच्या आधी.”

“मी पाह्यला न्हाई ना. मी हिकडं सोल्डरिंग करून राह्यलो व्हतो.”

“एवढी पोरं साक्षीला आहेत.”

“पोरं तुमच्या वर्गातली हायेत सर. ती काय न्हाई म्हनत्याल का?”

पोरं खदखदा हसली. मिस्तरींच्या बोलण्यात खोट नव्हती, ते सरळ जे होतं ते बोलले. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली तेवढं मी पाहिलं, आणि पुढं काय करणार ते पाठ असल्यामुळे पाय आपटत बाहेर पडलो. जागा मोकळी सोडली असणार, दुसरं काय.

आता या वहीबद्दल सांगायला हवं. शेटजींची मशीनं फक्त जालन्यात नव्हती. शहागडला हायवेवरच्या एका ढाब्यात दोन होती, ट्रकवाले जेवण येईपर्यंत खेळायचे. जांब समर्थला रामनवमीच्या गर्दीत चार दिवस तंबूत मशीनं लागायची. कुठं काही बिघडलं की निरोप यायचा, आणि मिस्तरी पिशवीत सामान भरून एस.टी.नं निघायचे. एकदा शहागडहून निरोप आला, “लांब पडद्याचा डबा बंद पडला.” मिस्तरी त्या हिशेबानं सामान घेऊन गेले, आणि तिथं पाहतात तर पडदा आडवा. ढाबेवाल्याच्या लेखी आडवा म्हणजे लांब, आमच्या गल्लीत उभा म्हणजे लांब. हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रेघा मारल्या आणि प्रत्येक मशीनसाठी तेच आठ रकाने पाडले. गेमचं नाव, पोरांनी ठेवलेलं नाव, कंपनी, साल, पडदा, दांडा, बटणं, खेळणारे किती. शेवटी थोडी जागा शेऱ्यासाठी.

रकान्यात शब्दही ठरलेले. पडदा एक तर ‘उभा’ नाही तर ‘आडवा’. दांडा ‘चार बाजूंचा’ किंवा ‘आठ बाजूंचा’, जितक्या दिशांना तो वळेल तसा. ढाबेवाल्यापासून जांबच्या तंबूवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी हे शब्द शिकवले. कुणी निरोपात ‘लांब’ म्हटलं की ते फोनवरच म्हणायचे, “लांब म्हनू नका भाऊ. उभा का आडवा तेवढं सांगा.” जिल्ह्यात सरकारी परिपत्रकं कुणी वाचत नसेल, पण मिस्तरींचे आठ रकाने सगळ्यांना तोंडपाठ होते.

आणि वहीचा कायदा एकच. डोळ्यांनी पाहिलेलं पेनानं लिहायचं. दुसऱ्याकडून ऐकलेलं पेन्सिलनं, समोर सांगणाऱ्याचं नाव. आणि माहीत नसेल तर मोकळं. “पेन्सिलचं पुसता येतं सर, पेनाचं न्हाई. म्हनून पेन जल्दी काढू न्हाई.”

शेटजी या वहीवर खूश. मी इंग्रजीचा मास्तर म्हणून मशीनवरच्या पाट्या ते माझ्याकडून लिहून घ्यायचे, आणि मग माझ्यासमोरच त्या मिस्तरींना दाखवून तपासून घ्यायचे. मिस्तरींना इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी वाचता यायची. मी एकदा तोंड वाकडं केलं, तर शेटजी म्हणाले, “मास्तर, अंग्रेजी तुमची पक्की, पण खबर मिस्तरीची पक्की. बुरा मानू नका.” मी हसलो. घरी जाऊन बायकोवर चिडलो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून. मीठ बरोबर होतं.

कशाचं वाईट वाटत होतं तेव्हा? मी बी.ए., बी.एड., सुट्टीत मुंबईहून आलेल्या भाच्याला मी या गेमचा इतिहास ऐकवायचो. अर्धा वाचलेला, अर्धा तिथल्या तिथं सुचलेला. भाचा माना डोलवायचा. पण दुकानात कुणाला काही विचारायचं झालं की पोरं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारायची, “मिस्तरी, हे कुठल्या कंपनीचं?” आणि मिस्तरी अर्ध्या वेळा “माहीत न्हाई” म्हणायचे. माहीत नाही म्हणणाऱ्याला मान आणि सगळं माहीत असणाऱ्याच्या मागं हसू, हा न्याय मला आजही नीटसा पटलेला नाही.

एकदा मात्र मिस्तरी आपणहून माझ्याकडे आले. शाळेत, मधल्या सुट्टीत. चेहरा लग्नघरातल्यासारखा.

“सर, शहागडला चला. तुमची पाणबुडी आल्ती हैदराबादहून, ट्रकवर. काल उघडली तर आत असली बोर्ड हाये. नक्कल न्हाई. कंपनीचा.”

त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडची बहुतेक मशीनं नकली बोर्डांवर, म्हणजे आतल्या सर्किटांच्या नकलांवर, चालायची. नक्कल करणारे मूळ कंपनीचं नाव खोडून आपलं घालायचे आणि पडद्यावरचं सालही बदलायचे. आपल्या पाणबुडीच्या पडद्यावर जे साल येतं ते खोटं. असली बोर्डाच्या कडेला, धुळीखाली, खरं साल कोरलेलं आहे, दोन वर्षं आधीचं. त्यांनी रुमालानं पुसून वाचलं होतं.

“तुमचा गेम हाये म्हनून सांगाया आलो. डोळ्यानं बघा. चला, दुपारच्या गाडीनं जाऊ.”

मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. पेपर तपासायचे नव्हते. माझ्या गेमचं खरं साल मला मिस्तरींनी दाखवावं, हे मला सोसत नव्हतं. ते म्हणाले, “बरं सर, मंग पुन्हा कवा,” आणि एकटेच गेले. पुढच्याच पावसाळ्यात त्या ढाब्यात गोदावरीचं पाणी शिरलं आणि ते मशीन भंगारात गेलं.

नव्वदीच्या शेवटी घरोघरी छोटे गेम आले आणि मोठी मशीनं ओस पडली. दोन हजारानंतर शेटजींनी त्याच गाळ्यात सायबर कॅफे काढला. काउंटरवर त्यांची सून बसायची, इंदूरची, बी.कॉम. झालेली, हुशार पोरगी. मिस्तरी होतेच. आता कॉम्प्युटरच्या वायरी आणि बॅटऱ्या सांभाळायचे. केस पांढरे झाले होते, पेन्सिल कानावर तशीच.

मी कॅफेत जायला लागलो आणि मला इंटरनेटवरचा एक ज्ञानकोश सापडला. जगातल्या कुणीही यावं आणि त्यात लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारावं, असा त्याचा कारभार. त्यात आमच्या काळातल्या जुन्या गेमची पानंच्या पानं होती. पाणबुडीचंसुद्धा अर्धवट पान होतं! मी खुर्चीतच ताठ बसलो. लगेच नाव नोंदवलं आणि लिहायला लागलो. इतकी वर्षं वाया गेलेली माझी इंग्रजी अखेर कामाला आली.

तिथं त्या वेळी एक मोठा वाद चालला होता. प्रत्येक गेमच्या पानावर उजव्या हाताला एक चौकट असायची, तिच्यात गेमची थोडक्यात माहिती. पण कुणी काहीही भरायचं. एक जण पडदा ‘उंच’ लिही, दुसरा ‘उलटा’. माहिती नसेल तिथं कुणी प्रश्नचिन्ह टाकी, कुणी ‘अज्ञात’ लिही, कुणी अंदाज ठोकून देई. सगळ्या पानांवर चौकट एकसारखी कशी करावी यावर दहा देशांतले लोक महिनाभर भांडत होते. मी ते वाचत होतो आणि मला घाम फुटत होता. कारण उत्तर मला पाठ होतं. मी ते लिहून टाकलं. रकाने आठ. पडदा उभा किंवा आडवा, तिसरा शब्द नको. दांडा चार बाजूंचा किंवा आठ. माहीत नसेल तर रकाना मोकळा.

आठवड्याभरात सगळ्यांनी मान्य केलं. कोण कुठल्या देशातला एक ज्येष्ठ संपादक, त्यानं लिहिलं की इतकी साधी आणि स्वच्छ रचना इतक्या दिवसांत कुणी सुचवली नव्हती. मी ते वाक्य सतरा वेळा वाचलं. कुणाची रचना, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एका दुपारी मिस्तरी माझ्या टेबलाखाली वायर जोडत होते. उठताना त्यांची नजर पडद्यावर गेली. चष्मा सरकवून ते बघत राहिले. इंग्रजी पुरतं कळत नव्हतं, पण चौकट कळली.

“सर, हे तर आपले रकाने!”

‘आपले’ म्हणाले, ‘माझे’ म्हणाले नाहीत. मी नुसतं “हूं” केलं. पण सूनबाईनं ऐकलं होतं. तिनं सगळं विचारून घेतलं, वही पाहिली आणि म्हणाली, “मिस्तरीकाका, तुम्ही सांगा, मी टाइप करते. तुमच्या नावानं खातं उघडू.”

झालं. रोज दुपारी काउंटरवर दोघं बसायचे. मिस्तरी वहीतून एकेक पान वाचायचे, सूनबाई टाइप करायची. आणि फक्त पेनानं लिहिलेलंच. पेन्सिलचं आलं की म्हणायचे, “हे राहू दे बेटा, हे ऐकलेलं हाये.” त्यांनी अशा बारीकसारीक गोष्टी भरल्या, ज्या फक्त मशीन उघडून बघणाऱ्यालाच कळतात. पंधरा दिवसांत त्याच ज्येष्ठ संपादकानं त्यांना लिहिलं, “प्रत्यक्ष बोर्ड हाताळलेला तुमच्यासारखा माणूस आमच्यात नाही. तुमची आम्हाला गरज आहे.” सूनबाईनं ते छापून दिलं. मिस्तरींनी कागदाची चार घड्यांची पुडी करून वहीत ठेवली. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. मलाही दाखवली, आणि म्हणाले, “सर, जरा वाचून सांगा ना, सूनबाई सांगती पर तुमच्या तोंडून ऐकतो.”

मी वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगून. माझ्या इतक्या वर्षांच्या इंग्रजीचा उपयोग हा, दुसऱ्याची स्तुती वाचून दाखवायची. त्या दिवशी पोटात जे दुखलं ते कुठल्याही चूर्णानं राहण्यासारखं नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी पाणबुडीच्या पानावर हात घातला. साल मी भरलेलं होतं, पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेलं. मिस्तरींनी ते बदलून दोन वर्षं आधीचं घातलं. त्यांचं बरोबर आहे हे मला माहीत होतं. शहागडची गोष्ट मी विसरलो नव्हतो. तरी मी ते काढलं आणि माझं परत घातलं. कारण लिहिलं, ‘आधार नाही.’

ज्ञानकोशाचा नियम तसाच होता. कुठं तरी छापून आलेलं दाखवावं लागायचं. स्वतःची वही चालत नव्हती. नियम माझ्या बाजूनं होता आणि मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

मिस्तरी वही घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“सर, मी तर डोळ्यानं पाह्यलं ना.”

“इथं डोळे चालत नाहीत मिस्तरी. छापलेलं लागतं.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. “बरं. मंग मोकळं सोडू का तेवढं?”

किती सोपं होतं! हो म्हणायचं होतं फक्त. त्यांचंही राहिलं असतं आणि माझंही. पण मला ते मोकळं नको होतं. मला माझं साल तिथं हवं होतं.

“मोकळं कशाला? माझ्याकडे आधार आहे,” मी म्हणालो आणि त्यांना एक साइट उघडून दाखवली. कुण्या जुनी मशीनं जमवणाऱ्याची ती होती. पाणबुडीचं पान होतं आणि त्यावर माझंच साल होतं. आता खरं सांगतो. त्या माणसानं ते पान ज्ञानकोशातून, म्हणजे माझ्याकडूनच उचललं होतं. मी पाणबुडीला घाईत तीन जीव, म्हणजे एका नाण्यात तीनदा बुडायची मुभा, लिहिले होते, असतात चार. तिथंही तीनच होते. मी हे ओळखलं होतं. माझीच थाप फिरून माझ्याकडे आली होती, आणि मी ती साक्षीदार म्हणून मिस्तरींसमोर उभी केली.

मिस्तरींनी पडद्यावरचं साल बोटानं वाचलं. एकदा, दोनदा. मग वहीतलं वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“छापून आलंय म्हनजे बराबर असंल. तुम्ही सोता बघून लिहिलं असंल. माझंच चुकलं सर. धूळ लई व्हती त्या बोर्डावर.”

आणि ते काउंटरवर जाऊन सूनबाईला म्हणाले, “बस झालं बेटा. आता नगं.”

“का काका? अजून अर्धी वही आहे.”

“एक रकाना पेनानं लिहून चुकला, मंग बाकीचे बराबर हायेत हे कोन्या तोंडानं सांगू?”

मी ऐकलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि मी बसून राहिलो. उठून ‘मिस्तरी, तुमचं बरोबर आहे’ एवढं म्हणायला चार पावलं जायचं होतं. तेव्हा मला वाटलं, उद्या सांगू. खरं म्हणजे तेही वाटलं नाही. खरं म्हणजे मी जिंकलो होतो आणि मला बरं वाटत होतं. दोन-तीन दिवस जेवणही गोड लागलं.

त्यानंतर मिस्तरींनी वही कॅफेत आणली नाही. वायरी जोडायचे, निघून जायचे. कुणी जुन्या गेमचं विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे, “सरांना विचारा. सरांना बराबर माहीत हाये.” वीसेक वर्षं जे मला हवं होतं, ते असं मिळालं. पोरं माझ्याकडे यायची, मी सांगायचो, आणि सांगताना मिस्तरी कुठं आहेत हे बघून घ्यायचो. वर्षभरात डोळे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं आणि ते गावाकडे गेले.

रेणुकाईच्या यात्रेला जाऊ, तेव्हा वाडीत डोकावून येऊ, सांगून टाकू, असं मी दोन वर्षं म्हणालो. दोन्ही वर्षी यात्रा झाली. मी गेलो नाही.

तिसऱ्या वर्षी सूनबाईनं शाळेत निरोप पाठवला. मी गेलो तर तिच्या पुढ्यात ती दोनशे पानी वही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली. म्हणाली, “सर, मिस्तरीकाका गेले. मागच्या आठवड्यात. त्यांच्या मुलानं ही आणून दिली. सरांना द्या म्हणाले होते.”

मी वही घरी आणली. दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी, सकाळी, अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि पाणबुडीचं पान काढलं.

शेऱ्याच्या जागी, पेन्सिलनं, माझा स्कोर होता. सहाच्या सहा आकडे. समोर लिहिलेलं, ‘सरांनी सांगितलं.’ म्हणजे त्या रविवारी त्यांनी ती जागा मोकळी सोडलीच नव्हती. मी पाय आपटत गेल्यावर लिहून ठेवलं होतं. आणि वीसेक वर्षांत पुसलं नव्हतं.

मग वर सालाच्या रकान्याकडे पाहिलं. शहागडला धूळ पुसून वाचलेलं साल पट्टीनं एक रेघ मारून खोडलं होतं. बाजूला माझं साल. पेनानं.

अख्ख्या वहीत मी शोधलं. पानन् पान बघितलं. ऐकलेली गोष्ट पेनानं लिहिलेली दुसरी एकही नाही. आयुष्यात एकदाच त्या माणसानं आपला कायदा मोडला, आणि तो माझ्या थापेसाठी. ज्या दिवशी मी खोटं बोललो त्याच दिवशी त्यांनी मला पेन्सिलमधून पेनात घेतलं होतं.

मी कॅफेत गेलो आणि ज्ञानकोशातलं साल काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते परत घातलं, खाली तीन आधार देऊन. तीनही साइटवर पाणबुडीला जीव तीनच होते. मी लिहिलं की ही माहिती चुकीची आहे, मुळात मीच ती चुकीची भरली होती, खरं साल प्रत्यक्ष बोर्डावर पाहिलेला माणूस मला माहीत आहे. त्या ज्येष्ठ संपादकानं अगदी सौजन्यानं उत्तर दिलं. आपल्या भावना समजतात, पण आपल्याकडे आधार आहे का? माझ्याच शब्दांत माझंच उत्तर. मी अजूनही महिन्या दोन महिन्यांनी जाऊन तो रकाना मोकळा करतो. तो पुन्हा भरला जातो.

वही मात्र माझ्या हातात होती. निदान तिथं तरी दुरुस्त करू म्हणून मी पेन काढलं. माझं साल खोडलं, ते मीच सांगितलेलं होतं, त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. मग मिस्तरींचं साल परत लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. तो बोर्ड मी पाहिला नव्हता. मला बोलावलं होतं, गाडीची वेळसुद्धा सांगितली होती, मी पेपर तपासायचं कारण सांगितलं होतं.

मी पेन खिशाला लावलं. घरात जाऊन धाकट्या लेकीच्या दप्तरातली पेन्सिल आणली. साल लिहिलं आणि समोर लिहिलं, ‘मिस्तरींनी सांगितलं.’